जुन्या नेक्सॉन ईव्हीला ड्रॅगला उतरवायचंय? आधी पाईप किती इंची ते बघ

पत्र असं आहे:

"दादा, मी मंचरजवळ राहतो, चाकणला कंपनीत कामाला आहे. दोन महिन्यांपूर्वी 2020 ची नेक्सॉन ईव्ही सेकंडहॅन्ड घेतली, 68,000 किलोमीटर चाललेली. पहिल्या दिवशी पिकअप बघितला आणि डोकंच फिरलं. आता हिला ड्रॅग रेससाठी तयार करायचीय, 402 मीटर 12 सेकंदात मारायचंय. ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणतो 3 लाख दे, बॅटरीची लिमिट काढतो, मोठा फ्यूज टाकतो, करंट डबल करून देतो. मित्र म्हणतात आधी रविवारी पहाटे हायवेला ट्रायल मारू. घरी वडिलांना सांगितलेलं नाही. आमच्याकडे शर्यतीचा बैलगाडा आहे, त्यांना या गाड्यांतलं काही कळणार नाही. सुरुवात कुठून करू?"

भावा, तुझं पत्र वाचून मनापासून बरं वाटलं, कारण जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन तिच्याकडे नुसतं पेट्रोल वाचवायचं साधन म्हणून न बघणारी पोरं अजून कमी आहेत. पण त्या गॅरेजवाल्याला अजून एक रुपयाही दिला नसशील तर देऊ नकोस, आणि दिला असशील तर आज फोन करून काम थांबव. का ते सांगतो, जरा लांबेल, पण पूर्ण वाच.

आधी आकडा मांडू. ड्रॅग म्हणजे उभ्या गाडीतून सुटून सरळ पट्ट्यात ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायचं. ड्रॅगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, गाडीचं वजन पाउंडात घ्यायचं, त्याला हॉर्सपॉवरने भागायचं, जे येईल त्याचं घनमूळ काढून 5.825 ने गुणायचं, की पाव मैलाचा म्हणजे 402 मीटरचा अंदाजे टाइम मिळतो. तुझी गाडी 1400 किलो, वर तू 80 किलो धरू, म्हणजे 3263 पाउंड. मोटर 95 किलोवॅटची, म्हणजे साधारण 127 हॉर्सपॉवर. उत्तर येतं 17.2 सेकंद. आता हाच हिशोब उलटा कर, याच वजनाला 12 सेकंद हवे असतील तर किती ताकद लागेल? 370 हॉर्सपॉवरच्या वर. म्हणजे आहे त्याच्या जवळजवळ तिप्पट. करंट डबल करून सुद्धा तू तिथे पोचत नाहीस, आणि डबल करायला गेलास तर काय होतं ते आता बघ.

तुमच्याकडे विहीर असेलच. विहिरीत पाणी किती आहे ही एक गोष्ट आणि पाईप किती इंची आहे ही दुसरी. तुझ्या बॅटरीत 30.2 किलोवॅट-तास एवढं पाणी आहे, आणि ड्रॅगच्या एका बारीला त्यातलं लागतं किती, तर 95 किलोवॅट 17 सेकंद धरलं तरी अर्ध्या युनिटच्याही आत, म्हणजे बॅटरीचा दीड टक्का. पाण्याची कमतरता अजिबात नाहीये. अडचण पाईपची आहे. तो पॅक बनवलाय पुण्याहून साताऱ्यापर्यंत जायला, सेकंदात सगळं ओतून टाकायला नाही.

आणि तो पाईप आहे त्या लिमिटला सुद्धा चांगलाच ताणलेला असतो. पॅक 320 व्होल्टचा, मोटरला 95 किलोवॅट द्यायचे म्हणजे 300 अँपिअर. संध्याकाळी सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू झाल्या की घरातला बल्ब कसा पिवळा पडतो, तसंच पॅकच्या आत होतं, तू पाय दाबलास की व्होल्टेज बसतं. समज पॅकचा आतला रेझिस्टन्स 0.1 ओहम आहे, तर 300 अँपिअरला 30 व्होल्ट तिथेच गेले आणि 9 किलोवॅटची नुसती उष्णता झाली, म्हणजे घरातले चार-पाच मोठे गीझर सेलच्या मधोमध चालू केल्यासारखं. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट डबल केला की उष्णता चौपट. 12 सेकंदांसाठी जेवढा लागेल तेवढा, म्हणजे 870 अँपिअर ओढला तर आठपटीच्या पुढे. आणि तुझा पॅक नवा नाही, 68,000 किलोमीटरचा आहे, सेल जुने होतात तसा त्यांचा रेझिस्टन्स वाढत जातो, त्यामुळे खरा आकडा याहून वाईटच निघेल.

बॅटरीची लिमिट ही कंपनीने तुला त्रास द्यायला ठेवलेली नाही रे. एक सेल साधारण 3.2 व्होल्टचा, 320 ला 3.2 ने भाग, शंभर येतात, म्हणजे सेलच्या शंभर पायऱ्या एकामागे एक जोडल्यात, आणि त्यातली सगळ्यात कमजोर जी असेल तिच्या जीवावर सगळी गाडी चालते. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर, त्या एका पायरीकडे बघून मोटरला सांगतो की आता एवढंच मिळेल. तुझा गॅरेजवाला बहुतेक शंट, म्हणजे करंट मोजणारा भाग, फसवणार, म्हणजे बीएमएसला खरे अँपिअर दिसूच द्यायचे नाहीत. मग त्या कमजोर सेलसाठी ओरडायला कोणी उरत नाही.

मोठ्या फ्यूजचं एक उदाहरण देतो, ते नीट लक्षात ठेव. 2015 मध्ये टेस्लाने मॉडेल एस मध्ये लुडिक्रस मोड आणला, तेव्हा त्यांनी पॅकमधून निघणारा करंट 1300 वरून 1500 अँपिअरवर नेला. फक्त 200 अँपिअर. तेवढ्यासाठी ज्यांनी पॅक स्वतः बनवला त्यांनाच मेन फ्यूज नव्याने डिझाइन करावा लागला, स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असलेला, करंट मोजून नेमक्या क्षणाला तुटणारा, आणि कॉन्टॅक्टरचा, म्हणजे पॅकचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, धातू बदलून इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू वापरावा लागला कारण साधं स्टील तेवढ्या उष्णतेत मऊ पडतं. पंधरा टक्क्यांसाठी एवढं. आणि हा भाऊ तुला शंभर टक्के वाढवून देतोय, एका मोठ्या फ्यूजवर.

माझ्या भोसरीच्या गॅरेजला मागच्या पावसाळ्यात टोवरून एक जुनी इलेक्ट्रिक आली होती, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये असंच काम केलेली. मालक म्हणाला चालूच होत नाही. मी चावी बंद केली, 12 व्होल्टची बॅटरी सोडवली, नेहमीसारखा थांबलो, हजार व्होल्टचे रबरी ग्लोव्ह घातले, तोंडाला शील्ड लावली आणि इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणाऱ्या डब्याच्या, बाजूला मीटर लावला. नेहमी काय होतं, तोपर्यंत कॉन्टॅक्टर सुटलेले असतात, इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये थोडंफार उरलेलं असतं आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो, चाळीस, पंचवीस, बारा, शून्य. त्या दिवशी मीटरवर 318 आलं आणि 318 च राहिलं. मी श्वास रोखून बघतोय, दहा सेकंद, वीस सेकंद, आकडा हलेना. मागे माझा पोऱ्या उभा होता, त्याला सांगितलं हात खिशात घाल आणि बाहेर जा. नंतर पॅकची जोडणी मधेच तोडणारा सर्व्हिस प्लग काढून पॅक उघडला तर मेन फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी कापून बसवलेली, आणि दोन्ही कॉन्टॅक्टरचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले. म्हणजे गाडी "बंद" होती आणि सगळ्या केशरी वायरींत तीनशे व्होल्ट जिवंत होते. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझायला वाव मिळतो, डीसी शून्यावर येतच नाही, तो फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग जळतं तसा जळत राहतो. ती पट्टी मी अजून ठेवलीय, टेबलासमोर खिळ्याला टांगून. नवीन पोरगा कामाला आला की आधी ती त्याच्या हातात देतो.

म्हणून केशरी वायर, पॅकचं झाकण, फ्यूज, बीएमएस, यातल्या कशालाच हात लावायचा नाही, तू पण नाही आणि तुझा मित्र पण नाही. शिवाय या गाडीच्या बॅटरी आणि मोटरला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी होती, 2020 ची गाडी म्हणजे हिशोबाने 2028 पर्यंत. तुझ्या नावावर ती चालू आहे का ते कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊन विचार, असेल तर झाकण उघडलं त्या क्षणी ती गेली समज, आणि पॅक बदलायचा म्हटलं तर खर्च लाखांत जातो.

आता तू म्हणशील मग करायचं काय, नुसतं बघत बसायचं का. अजिबात नाही. या गाडीत वेळ दडलेला आहे आणि तो कायदेशीरपणे काढता येतो, फक्त तो बॅटरीत नाहीये.

पहिला वेळ आहे टायरमध्ये. इलेक्ट्रिकला कंपनीकडून जे टायर येतात ते रेंजसाठी असतात, कडक, कमी घर्षणाचे. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते, आणि सुटताना गाडीचं वजन मागे जातं, म्हणजे ज्या चाकांना पकड पाहिजे तीच हलकी होतात. त्यात 245 न्यूटन-मीटर टॉर्क जवळजवळ शून्यापासून हजर. मग चाक जागच्या जागी फिरतं, आणि तुला आत बसून वाटतं काय भारी सुटली, पण टाइम तिथेच गेलेला असतो. त्याच 215/60 आर16 साइझमध्ये मऊ कंपाउंडचे चांगले टायर पुढे टाक. ड्रॅगमध्ये पहिल्या 60 फुटांचा, म्हणजे 18 मीटरचा टाइम वेगळा मोजतात तो उगाच नाही, तिथे वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर दीडपट होऊन मिळतो.

दुसरा तुझ्या उजव्या पायात. पेट्रोल गाडीवाले ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबून सुटतात ते इथे करू नकोस, दोन्ही एकदम दाबले की गाडी पॉवर तोडते, आणि तोडायलाच हवी. स्पोर्ट मोडला टाक आणि पाय आदळायचा नाही, दाबत न्यायचा, पहिल्या सेकंदभरात साठ-सत्तर टक्के आणि चाकाने जमीन धरली की मग पूर्ण. हे पंधरा-वीस वेळा केल्याशिवाय जमत नाही, मला पण जमलं नव्हतं. पण एकदा पाय बसला की इलेक्ट्रिकसारखी गाडी नाही, गिअर नाही, क्लच नाही, प्रत्येक बारी आधीच्या बारीसारखी. अमेरिकेत ब्रॅकेट रेसिंग म्हणून प्रकार आहे, त्यात आपला टाइम आधी जाहीर करायचा आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाईल पण त्याच्या खाली जाणार नाही असं चालवायचं, तिथे असा एकसारखा टाइम देणारी साधी गाडी सुद्धा मोठ्या गाड्यांना जड जाते.

तिसरं वजन. मागची सीट, स्टेपनी, जॅक, मागे सबवूफर बसवला असशील तर तो, डिकीतलं सगळं सामान, मिळून 60 किलो सहज निघेल. त्याच ठोकताळ्यात घालून बघितलं, पाव सेकंद मिळतो. रेसच्या दिवशी तिथे पोचल्यावर काढायचं आणि परत बसवायचं. पण बेल्ट, एअरबॅग, पुढची सीट, दाराच्या आतले बीम, यातलं काही काढायचं नाही, आणि वजन कमी करायला पत्रा कापणारा कोणी भेटला तर त्याच्या दारात पण उभा राहू नकोस.

चौथं म्हणजे पॅकची तब्येत आणि तापमान, आणि जुन्या गाडीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझे सेल एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत, त्यांचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे चार्ज किती उरलाय याचा अंदाज हळूहळू चुकत जातो. रेसच्या आधीच्या आठवड्यात घरच्या स्लो चार्जरवर दोन-तीनदा 100 टक्के पूर्ण होऊ दे आणि 100 झाल्यावर लगेच प्लग काढू नकोस, सेल बॅलन्स व्हायला वेळ दे. मग ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं) लावून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमधला फरक बघ, एकदा गाडी उभी असताना आणि एकदा पूर्ण पाय दाबल्यावर (मोकळ्या रस्त्यावर, लिमिटच्या आत, शेजारी बसलेल्याने बघायचं, तू नाही). उभ्या गाडीत वीस-तीस मिलिव्होल्ट असेल तर मी निश्चिंत असतो. दाबल्यावर फरक दीडशेच्या वर उडत असेल तर एखादा सेल दमलाय, मग आधी सर्व्हिस सेंटर, रेस नंतर. फास्ट चार्ज करून थेट लाइनला लावायची नाही, पॅक गरम असतो आणि बीएमएस आधीच हात आखडता घेतो. दोन बाऱ्यांच्या मध्ये सावलीत उभी कर. चार्ज 80 ते 95 टक्क्यांच्या मध्ये ठेव, खाली गेला की व्होल्टेज बसतं आणि टाइम लांबतो. कूलंट, ब्रेक ऑइल, पुढचे बुश, अलाइनमेंट हे सगळं एकदा करून घे, त्यावर जास्त बोलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. या गाडीला कंपनीने 120 चा टॉप स्पीड बांधलाय. 17 सेकंदांची गाडी 402 मीटरच्या शेवटाला बरोबर त्याच आकड्याच्या आसपास पोचते, म्हणजे शेवटच्या काही मीटरमध्ये ती कुंपणाला जाऊन टेकणार. म्हणून तुझं टार्गेट 12 नको, साडेसोळा ठेव. सतराच्या आत आलास की मला सांग, मी पेढे मागेन.

बारा सेकंदांची इलेक्ट्रिक होतच नाही असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पोर्टलंडला जॉन वेलँड म्हणून माणूस आहे, त्याने 1972 ची डॅटसन 1200, मुळात 700 किलोच्या आसपासची छोटीशी गाडी, इलेक्ट्रिक केली, नाव ठेवलं व्हाइट झॉम्बी, आणि 2010 मध्ये तिने पाव मैल सव्वादहा सेकंदांत मारला. पण त्याने काय केलं बघ. आधी शिशाच्या बॅटरीवर सुरुवात केली, वर्षानुवर्षं पॅक बदलत गेला, आणि शेवटचा जो लिथियम पॅक बसवला तो अँपिअर ओतण्यासाठी निवडलेला होता. मोटर, कंट्रोलर, मागचा एक्सल सगळं त्या करंटच्या मापाचं. घरच्यांना घेऊन रोज फिरायच्या गाडीचं झाकण उचकटून ते झालेलं नाही. तुला तिथपर्यंत जायचंच असेल तर ती वेगळी गाडी, हलकी, फक्त ट्रॅकची, आणि त्याआधी हाय व्होल्टेजचं रीतसर ट्रेनिंग. दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत.

हायवेच्या ट्रायलबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, आणि यात मी मागेपुढे होणार नाही. नाशिक हायवेला पहाटे कोण असतं तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, मार्केटला निघालेला टेम्पो, चालायला निघालेली म्हातारी माणसं. पेट्रोल गाडी लांबून ऐकू तरी येते, तुझी गाडी तेवढी ऐकू येत नाही. रस्ता ओलांडणारा माणूस कानाने अंदाज घेतो रे. कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189, रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्याबद्दल कलम 52 आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ते आणखी स्पष्ट केलंय. इन्शुरन्सच्या कागदात पण रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ते पान काढून वाच.

त्यापेक्षा आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर द व्हॅली रन होत आलीय, तिथे मोजायला यंत्रं असतात, तपासणी असते, ॲम्ब्युलन्स असते, पुढे थांबायला जागा असते. तारीख, क्लास, इलेक्ट्रिकसाठीचे नियम, लायसन्स लागतं का, हे एंट्रीच्या आधी आयोजकांना विचार आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या नियमांत पण बघून घे. फक्त जाण्यायेण्याचा हिशोब आधी कर, मंचरहून निघून तिथे पोचेपर्यंत तुझा चार्ज बराच खाली आलेला असणार, म्हणून आदल्या संध्याकाळीच लोणावळ्याला जा, मुक्काम कर, रात्रीतून सावकाश चार्ज होऊ दे.

पैशांचं म्हणशील तर टायर, चांगला हेल्मेट, जीपीएसवर चालणारा टायमर, सर्व्हिसिंग, एंट्री आणि जाणं-येणं, हे सगळं तुझ्या 3 लाखांच्या बऱ्याच आत बसतं. उरलेले बँकेत ठेव, पुढच्या गाडीला लागतील.

आणि वडिलांना सांग. त्यांना कळणार नाही हे तुझं म्हणणं मला पटत नाही. माझं आजोळ जुन्नरकडचं आहे, मी लहानपणी बैलगाडा शर्यतीच्या घाटावर उभं राहून बघितलंय, बारी सुटताना बैल किती तापलेत, कुठली जोडी आधी दमते, कुठल्या जागी सेकंद गेला, हे ती माणसं नुसत्या नजरेने सांगतात, आणि घड्याळ थांबायच्या आधी सांगतात. तू जे शिकायला निघालायस ते ते आयुष्यभर करत आलेत. एक शंभर पानी वही घे, प्रत्येक बारीला चार्ज किती टक्के, पॅकचं तापमान, टायरची हवा, 60 फुटांचा टाइम आणि पूर्ण टाइम, एवढे पाच रकाने आख, आणि लोणावळ्याला ती वही घेऊन लाइनच्या बाजूला त्यांनाच बसव.